व्हिडिओचे संकोचन : काही रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

लग्नसमारंभाचे चित्रण करणाऱ्या व्यावसायिकापासून महाविद्यालयातील होतकरू लघुपटकारापर्यंत, ज्यांचा ज्यांचा म्हणून व्हिडिओ संकलनाशी संबंध येतो, त्यांच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात : टाइमलाइनवर फुटेज अडखळते, एक्सपोर्ट केल्यावर रंग फिके पडतात, आवाज ओठांच्या मागे राहतो, गुलाल उधळला की पिक्सेल फुटतात. अशा वेळी दोषाचे खापर संगणकावर फोडून नवा संगणक घेण्याचा बेत होतो, किंवा ‘फॉरमॅटच खराब आहे’ असा निकाल देऊन फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवली जाते. आणि या फिरवाफिरवीत, कॅमेऱ्याने जे चित्र बरे टिपलेले होते, त्याचीच हानी होते. माझ्या समजुतीप्रमाणे या साऱ्या घोटाळ्याचे मूळ एकच आहे. चित्र कॅमेऱ्यात साठवणे, संकलनासाठी ते कापणे-जोडणे आणि सिद्ध झालेली कृती प्रेक्षकापर्यंत पोचवणे ही तीन स्वतंत्र कार्ये असून, त्यांपैकी एकाच्या सोयीसाठी घडवलेले रूप दुसऱ्याला सोयीचे असतेच असे नाही, ही गोष्ट शिकाऊ माणसाला सहसा कोणी सांगत नाही.

पहिला गैरसमज खुद्द संकोचनाविषयीचा आहे. कॉम्प्रेशन म्हणजे दर्जाशी केलेली तडजोड, सबब शुद्ध चित्र हवे असेल तर ते मुळीच नसावे, असे पुष्कळांना वाटते. त्यांनी एकदा हिशेब मांडून पाहावा. १९२० गुणिले १०८० बिंदूंची एक फ्रेम, प्रत्येक बिंदूस २४ बिट आणि सेकंदाला २५ फ्रेम, या मानाने एका सेकंदाच्या चित्रास सुमारे १२४ कोटी बिट लागतात, आणि तासाभराच्या चित्रणास सुमारे ५६० गिगाबाइट जागा लागते. एवढा भार वाहणे सामान्य मेमरी कार्डास शक्य नाही. म्हणून आपल्या हाती येणारे जवळजवळ प्रत्येक फुटेज कॅमेऱ्यातच संकोचित होऊन येते. हे संकोचन आंधळेपणाने केलेले नसते. मनुष्याची दृष्टी प्रकाशाच्या चढउतारास जितकी संवेदनशील असते तितकी रंगाच्या बारीक तपशिलास नसते, हे जाणून नेहमीच्या ४:२:० पद्धतीत रंगाची माहिती प्रत्येक चार बिंदूंमागे एकदाच साठवली जाते. पुढची पायरी गणिताची. बंगळुरात जन्मलेले अभियंते नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे जे रूपांतर मांडले, त्याच्या आधारे चित्रातील स्थूल छटा आणि सूक्ष्म तपशील वेगळे काढता येतात व डोळ्यास न जाणवणारा भाग वगळता येतो. जेपेग छायाचित्रापासून डीव्हीडीतील एमपेग-२ पर्यंत आणि तेथून आजच्या एच.२६४ पर्यंत या पद्धतींचा पाया हेच रूपांतर किंवा त्याचा सोपा केलेला अवतार आहे. ज्या विद्येत आपल्या देशात जन्मलेल्या अभियंत्यांचा इतका मूलभूत वाटा आहे, ती आपल्या संकलकांनी केवळ बटणे दाबण्यापुरती जाणावी, हे मला खेदकारक वाटते.

‘फाइल एमपी४ आहे, मग चालत का नाही?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही नावे लखोट्याची आहेत. आतला मजकूर कोणत्या कोडेकने, म्हणजे संकोचनाच्या कोणत्या पद्धतीने, लिहिला आहे, हे लखोट्यावरून कळत नाही. एकाच एमपी४मध्ये एच.२६४ असू शकतो, एचईव्हीसी असू शकतो किंवा एव्ही१ही असू शकतो, आणि आपल्या सॉफ्टवेअरला त्यांतला एक वाचता येऊन दुसरा येत नसेल तर आवाज ऐकू येतो पण चित्र काळे राहते. फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलल्याने आत काहीही बदलत नाही. मीडियाइन्फो या मोफत साधनात फाइल उघडून कोडेक, बिटरेट, फ्रेम रेट आणि रंगपद्धती यांची शहानिशा केल्याविना कोणतेही रूपांतर करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. केवळ आवरण बदलायचे असेल तर एफएफएमपेगसारख्या साधनाने आतील प्रवाह जसाच्या तसा उचलून नव्या आवरणात ठेवता येतो. त्यात चित्राची रतीभरही हानी होत नाही आणि काम अल्पावकाशात उरकते.

आता ज्या गैरसमजाने सर्वांत अधिक वेळ आणि पैसा वाया जातो, त्याकडे वळू. फाइल आकाराने लहान असेल तर ती संगणकाला हलकी जाईल, असे प्रत्येकाला वाटते, आणि सामान्य व्यवहारात हा तर्क वावगाही नाही. परंतु व्हिडिओच्या बाबतीत वस्तुस्थिती बहुधा नेमकी उलट असते. २००३ साली प्रमाणित झालेला एच.२६४ आणि २०१३ साली आलेला त्याचा उत्तराधिकारी एचईव्हीसी हे आपला लहानपणा मुख्यत्वे एका युक्तीने साधतात. ते प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाहीत. एक फ्रेम संपूर्ण लिहिली जाते, तिला आय-फ्रेम म्हणतात. त्यानंतरच्या पी-फ्रेममध्ये आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले एवढेच नोंदवले जाते, आणि बी-फ्रेम तर मागच्या व पुढच्या अशा दोन्ही बाजूंच्या चित्रांचा आधार घेते. दोन संपूर्ण फ्रेममधील अंतर बरेच मोठे असू शकते. एक्स२६४ या सर्वत्र प्रचलित एन्कोडरच्या मूळ सेटिंगमध्ये ते जास्तीत जास्त २५० फ्रेम, म्हणजे २५च्या गतीने १० सेकंद इतके आहे. जो प्रेक्षक आरंभापासून शेवटापर्यंत एका दिशेने चित्र पाहतो, त्याला या रचनेचा काही त्रास नाही. संकलक मात्र तसा पाहत नाही. तो मध्येच थांबतो, उलटा येतो, एकेक फ्रेम मागे-पुढे सरकवून कट कोठे बसतो ते पाहतो. आणि दर वेळी संगणकाला आधीच्या संपूर्ण फ्रेमपर्यंत मागे जाऊन तेथपासूनचे सारे फरक पुन्हा जुळवत हव्या त्या चित्रापर्यंत यावे लागते. टाइमलाइनवर अशा तीन-चार क्लिप एकावर एक असल्या आणि त्यांवर रंगसंस्कार असले म्हणजे चांगला संगणकही अडखळतो. त्यातच आजचे पुष्कळ कॅमेरे १० बिट ४:२:२ पद्धतीने चित्रण करतात, आणि ते वाचण्याची सोय कित्येक ग्राफिक्स कार्डांच्या यंत्रणेत नसल्याने सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. महागडे कार्ड घेऊनही फुटेज अडकतेच, ही तक्रार अशी उद्भवते.

यावरचा उपाय ठाऊक आहे, केवळ तो आकाराने मोठा असल्यामुळे लोक बिचकतात. ॲव्हिडने २००४ साली आणलेला डीएनएक्सएचडी आणि ॲपलने २००७ साली आणलेला प्रोरेस हे कोडेक प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे लिहितात. त्यामुळे कोणत्याही फ्रेमवर उडी मारली तरी तिच्यापुरतेच काम करावे लागते. १०८० आकाराच्या, २५ फ्रेमच्या चित्रणास प्रोरेस ४२२ सेकंदाला सुमारे १२२ मेगाबिट घेतो, म्हणजे तासाला सुमारे ५५ गिगाबाइट. एवढी जागा नसेल तर प्रॉक्सी करावी : मूळ फुटेजच्या लहान आकाराच्या, परंतु याच जातीच्या प्रती करून त्यांवर संकलन करावे, आणि एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअरकडून पुन्हा मूळ फाइली जोडून घ्याव्यात. प्रॉक्सीचा फ्रेम रेट, टाइमकोड आणि आवाजाच्या चॅनेलची संख्या मूळ फाइलशी तंतोतंत जुळली पाहिजे. त्यात कसूर झाली तर पुन्हा जोडताना घोटाळा झालाच म्हणून समजावे.

याच उपायाच्या पोटी आणखी एक भ्रम जन्मास येतो, तो असा की प्रोरेसमध्ये नेल्याने चित्राचा दर्जा वाढतो. कॅमेऱ्याने जो तपशील टाकून दिला तो कोणत्याही रूपांतराने परत येत नाही. फाइल दहापट मोठी झाली तरी चित्र तेच राहते. प्रोरेसचा लाभ काम सुकर होणे आणि पुढील हानी नगण्य राहणे एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे. उलट, अंतिम एमपी४ तयार झाल्यावर एखादे शीर्षक बदलण्यासाठी त्याच एमपी४वर काम करून पुन्हा एक्सपोर्ट करणे, आणि ग्राहकाने आणखी दुरुस्ती सांगितली की त्या दुसऱ्या प्रतीवर तेच करणे, या रिवाजात प्रत्येक फेरीला तपशील झिजतो. दुरुस्ती नेहमी मूळ प्रोजेक्टमध्ये जाऊन करावी.

बिटरेटविषयीचे अज्ञान तर फारच व्यापक आहे. ‘फोर-के केले म्हणजे चित्र स्वच्छ’ असे म्हणणारास हे ठाऊक नसते की फाइलचा आकार रिझोल्यूशनवर नव्हे तर बिटरेट आणि कालावधी यांच्या गुणाकारावर ठरतो : सेकंदाला १० मेगाबिटने दहा मिनिटांची फाइल ७५० मेगाबाइटची होणार, मग चित्र एचडी असो वा फोर-के. तेच बिट चौपट बिंदूंत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्यास कमी येतात. शिवाय सर्व दृश्यांची भूक सारखी नसते. स्थिर कॅमेऱ्याने टिपलेल्या कीर्तनात बुवांची हालचाल सोडल्यास चित्र जवळजवळ तेच राहते, म्हणून थोड्या बिटांत ते उत्तम साठते. विसर्जन मिरवणुकीत गुलालाचा लोट उठला की प्रत्येक कण प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतो, मागच्या चित्रावरून पुढच्याचा अंदाज बांधता येत नाही, आणि बिट अपुरे पडून चित्राचे चौकोन दिसू लागतात. अशा वेळी प्रथम मूळ क्लिप त्याच फ्रेमवर थांबवून पाहावी. तेथेच चौकोन असतील तर दोष चित्रणाच्या वेळचा आहे आणि एक्सपोर्टची कोणतीही सेटिंग तो दूर करणार नाही; पुढच्या वर्षी कॅमेऱ्यातला बिटरेट वाढवणे हाच मार्ग. मूळ क्लिप स्वच्छ असेल तर एक्सपोर्टला बिटरेट वाढवावा, किंवा दोन फेऱ्यांची बदलत्या बिटरेटची पद्धत घ्यावी, जेणेकरून एन्कोडर कीर्तनातील बचत गुलालावर खर्च करू शकेल. यूट्यूब आपल्याकडे आलेली प्रत्येक फाइल स्वतः पुन्हा संकोचित करते. २४ ते ३० फ्रेमच्या १०८० व्हिडिओसाठी तिची शिफारस सेकंदाला ८ मेगाबिटची आणि फोर-केसाठी ३५ ते ४५ मेगाबिटची आहे, परंतु त्याहून सढळ प्रत पाठवल्याने दुसऱ्या संकोचनास चांगला कच्चा माल मिळतो.

आवाज मागे पडतो तेव्हा मायक्रोफोनला दोष दिला जातो. बहुतेक प्रसंगी खरे कारण मोबाइलचा बदलता फ्रेम रेट हे असते : अंधार पडला किंवा यंत्र तापले की मोबाइल फ्रेममधले अंतर कमी-जास्त करतो, संकलनाचे सॉफ्टवेअर मात्र ते समान आहे असे धरून चालते, आणि दहाव्या मिनिटाला ओठ आणि शब्द यांची फारकत झालेली दिसते. आवाजाची क्लिप तुकड्या-तुकड्याने सरकवत बसू नये. संकलनापूर्वीच हँडब्रेकमध्ये स्थिर फ्रेम रेटचा पर्याय निवडून फुटेज बदलून घ्यावे.

फिक्या रंगांचा खुलासा थोडक्यात होतो. व्हिडिओच्या रूढ ८ बिट पद्धतीत काळा रंग १६ या अंकावर आणि पांढरा २३५वर धरला जातो, संगणकाच्या पडद्यावर तेच ० आणि २५५ असतात. फाइलवर याची नोंद चुकीची असली की प्लेअर एकाचे वाचन दुसऱ्याच्या मापाने करतो आणि चित्र धुरकट किंवा अतिगडद दिसते. म्हणून रंगसंस्कार पुन्हा करण्याआधी तीच फाइल दोन-तीन निरनिराळ्या प्लेअरमध्ये पाहावी. मोबाइलवर एचडीआर चालू ठेवून घेतलेले चित्र साध्या टाइमलाइनवर भडक किंवा पांढुरके दिसते, तेही याच वर्गात येते.

शेवटी एक विनंती, आणि ती घरोघरच्या कपाटांतील मिनी डीव्ही कॅसेटविषयी आहे. लग्ने, मुंजी, हौशी नाट्यसंस्थांचे प्रयोग असे कितीतरी चित्रण त्या कॅसेटवर आहे, आणि ती ‘डिजिटल करून’ देतो म्हणणारे अनेक दुकानदार डीव्हीडी किंवा एमपी४ हाती ठेवतात. वस्तुतः ती कॅसेट पहिल्यापासून डिजिटलच आहे. तिच्यावरील ७२० गुणिले ५७६ आकाराचे, सेकंदाला २५ मेगाबिटचे चित्र प्रत्येक फ्रेम स्वतंत्र लिहून साठवलेले असते, आणि फायरवायरच्या तारेने ते कोणतेही नवे संकोचन न करता जसेच्या तसे उतरवता येते. त्यातील ओळी सांधण्याचा, म्हणजे डीइंटरलेसिंगचा, संस्कार नंतर पाहण्याच्या प्रतीवर करावा, मूळ प्रतीवर करू नये. तेव्हा दुकानात जाल तर डीव्ही फाइलच मागून घ्या. तासाभराच्या कॅसेटला तिची जागा सुमारे १३ गिगाबाइट लागते.