जेऊरच्या पोराचे बोलपट

शहरातल्या मराठी माणसाला खेडे फार आवडते. फक्त ते पडद्यावर असावे आणि आपण खुर्चीत! फेटेवाला पाटील, तमाशाचा फड, ठसकेबाज नायिका आणि एखादा इरसाल गडी, एवढे जमले की आपले गाव तयार. त्या गावावर माझा राग नाही. अनंत माने यांचा १९५९ सालचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या 'विजयानंद'मध्ये १३१ आठवडे चालला, तो काही उगाच नव्हे. त्याच्याही कितीतरी आधी, १९२५ साली, बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश'मध्ये कर्जापायी उद्ध्वस्त झालेला शेतकरी दाखवला होता. पण त्या वाटेने पुढे फार थोडे गेले.

नागराज मंजुळे हे त्या थोड्यांतले. जन्म १९७७ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा, घर वडाराचे. पुण्याला मराठीत एम. ए. केले, कविता लिहिल्या आणि तेव्हाच्या अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना 'पिस्तुल्या' हा छोटा चित्रपट काढला. शाळेची ओढ लागलेल्या एका गरीब पोराची ती गोष्ट. तिने राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

मग २०१३ साली 'फँड्री' आला. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. शाळकरी जब्याला वर्गातली शालू आवडते. पण गावातली डुकरे धरण्याचे काम त्याच्या घराकडे. शालूच्या डोळ्यांदेखत, सारे गाव मजा बघत असताना, जब्याला डुकरामागे धावावे लागते. डुक्कर अगदी हाताशी येते, आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थांबतो, बाप थांबतो, आई-बहीण थांबतात. डुक्कर तेवढे चालू लागते! राष्ट्रगीत संपते आणि पुन्हा पळापळ. पुढे ते डुक्कर बांबूला बांधून नेतात, तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकरांचे आणि सावित्रीबाईंचे चित्र दिसते. दिग्दर्शक त्यावर एक शब्द बोलत नाही.

आम्ही वसईजवळ गोखिवऱ्यास राहतो. तुंगारेश्वराच्या डोंगराकडचे हे गाव आता महानगरपालिकेत गेले. आमच्या इमारतीत कोकण, घाट, खानदेश असे सारे एका जिन्यावर नांदतात. 'फँड्री' टीव्हीवर लागला तेव्हा शेजारचे करमाळ्याकडचे काका आमच्याकडेच बसले होते. डुकराची पळापळ सुरू झाली तशी मुले खदखदून हसली. काका हसले नाहीत. सौभाग्यवतींनी चहा पुढे केला, तो तसाच निवला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "वहिनी, गावात मला नावानं हाक मारणारे मास्तर एकटेच. बाकी समदी जातीनंच बोलवायची." मुलांनी आवाज कमी केला.

मंजुळ्यांनी माणसेही तिकडचीच घेतली. जब्या झालेला सोमनाथ अवघडे हा हलगी वाजवणारा मुलगा. त्याने राष्ट्रीय पुरस्कार पटकावला. चीनमध्ये जिया झांगके यांनी १९९७ साली 'शाओ वू' असाच काढला, शान्शी प्रांतातल्या आपल्या जन्मगावी फेनयांगला, न मुरलेली माणसे कॅमेऱ्यापुढे उभी करून. आपल्या गल्लीची खडान्‌खडा माहिती असलेल्याला नट आयात करावे लागत नाहीत, हे तिकडेही खरे ठरले.

'सैराट'ची (२०१६) आर्ची म्हणजे अकलूजची शाळकरी मुलगी रिंकू राजगुरू. बुलेट चालवणारी पाटलाची लेक आणि कोळ्याचा पोर! चित्रपटाने शंभर कोटींच्या वर धंदा केला; मराठीत हे नवलच. काहींच्या मते इथे मंजुळे बाजाराकडे झुकले. मला तसे वाटत नाही. गाणी आणि थट्टा आपल्याच आवडीची वाढून त्यांनी आपल्याला शेवटपर्यंत बसवले, आणि मग आवाजच काढून घेतला. रक्तात पावले बुडालेले ते लहान मूल रडत बाहेर येते, तेही मुक्यानेच.

आमच्याकडे अजून प्रत्येक वरातीत 'झिंगाट' वाजते. नवरदेवाचे काका-मामा घाम गळेपर्यंत नाचतात. त्या शेवटाचा विषय मात्र वरातीत कोणी काढीत नाही.