तेजोमेघांचे फोटो: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे एम ४२, फोटोंत लाल-जांभळा फुललेला असतो. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात तोच दुर्बिणीतून पाहिला, तर राखाडी, फार तर किंचित हिरवट डाग दिसतो. "एवढंच?" असे रांगेतले कुणीतरी हमखास विचारते आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "मग फोटो खोटे असतात का?" या शंकेमागे एक समजूत दडलेली आहे: डोळ्याला जे दिसते तेच फोटोत यायला हवे. अमेरिकेतल्या हेन्री ड्रेपर यांनी सप्टेंबर १८८० मध्ये याच तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, तेव्हा सुमारे ५१ मिनिटांचे एक्स्पोजर दिले होते. डोळ्याला जे साठवता येत नाही ते साठवणे, हेच तेव्हापासून या छायाचित्रणाचे काम आहे. ते लक्षात घेतले की पुढचे बरेच गैरसमज आपोआप सुटतात.

गैरसमज १: पुरेशा मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला, तर फोटोतल्यासारखेच दिसेल.

वस्तुस्थिती: मोठी दुर्बीण ताऱ्यांना अधिक तेजस्वी दाखवते, कारण तारा हा बिंदूच राहतो. तेजोमेघ किंवा दीर्घिका पसरट असते. दुर्बीण तिचा प्रकाश जास्त गोळा करते, पण वर्धनामुळे तो तितक्याच मोठ्या क्षेत्रावर पसरतो. त्यामुळे अशा वस्तूची पृष्ठतेजस्विता नुसत्या डोळ्यांना दिसते त्याहून कोणत्याही दुर्बिणीत वाढत नाही. वाढतो तो आकार, आणि त्यामुळे बारकावे कळतात. यानात बसून तेजोमेघाच्या जवळ गेलो तरी तो मोठा दिसेल, झगझगीत नाही.

त्यात डोळ्याचीही मर्यादा आहे. अंधुक प्रकाशात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी काम करत नाहीत. दंडपेशींना प्रकाश कळतो, रंग कळत नाही. शिवाय डोळा सेकंदाच्या लहानशा अंशापलीकडे प्रकाश साठवू शकत नाही. सेन्सर तो मिनिटेच्या मिनिटे साठवतो.

गैरसमज २: इतक्या दूरच्या वस्तूंसाठी प्रचंड वर्धन लागते.

वस्तुस्थिती: देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे, तरी आकाशात ती सुमारे ३ अंश पसरलेली आहे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या साधारण सहापट लांब. लांब नळीच्या दुर्बिणीत ती मावतच नाही. साध्या डीएसएलआरला २०० मिलिमीटरची लेन्स लावली तर सहज मावते. अडचण तिच्या आकाराची नसून अंधुकपणाची आहे. उलट स्वरमंडळातला वलय तेजोमेघ चंद्राच्या व्यासाच्या जेमतेम विसाव्या भागाएवढा आहे. त्याला जास्त फोकल लेंथ हवीच. आधी लक्ष्य ठरवावे, मग लेन्स.

गैरसमज ३: पैसे असतील तेवढे दुर्बिणीत घालावेत.

वस्तुस्थिती: या छंदात सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे दुर्बीण ज्यावर बसते तो माउंट. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला सुमारे १५ अंश, म्हणजे सेकंदाला १५ विकला सरकते. ४०० मिलिमीटर फोकल लेंथ आणि ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल असतील, तर एका पिक्सेलमध्ये साधारण २ विकला येतात. म्हणजे स्थिर ट्रायपॉडवर एम ४२ जवळचा तारा दर सेकंदाला सात-आठ पिक्सेल पुढे सरकतो आणि बिंदूऐवजी रेघ उमटते. ही गती अचूक रद्द करणारा विषुववृत्तीय माउंट किंवा छोटा ट्रॅकर आणि त्यावर ६०-८० मिलिमीटरची लहान दुर्बीण, ही जोडी डगमगत्या माउंटवरच्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी चांगले फोटो देते.

माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा त्या बिंदूपासून सुमारे दोन-तृतीयांश अंश बाजूला आहे, तेवढी दुरुस्ती करावी लागते. महाराष्ट्रातून तो क्षितिजापासून जेमतेम १६ ते २२ अंश वर असतो. गच्चीवरून उत्तर दिशा मोकळी आहे की समोरची इमारत आड येते, हे खरेदीआधीच पाहून घ्यावे.

गैरसमज ४: शटर रात्रभर उघडे ठेवून एकच फोटो काढतात.

वस्तुस्थिती: काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतच्या शेकडो फ्रेम घेतात आणि त्या संगणकावर ताऱ्यांवर तारे जुळवून एकत्र करतात. याला स्टॅकिंग म्हणतात. वाऱ्याची झुळूक, विमान किंवा उपग्रह यांनी बिघडलेल्या फ्रेम वगळता येतात. सेन्सरचा नॉइज प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असतो, तेजोमेघ मात्र तोच. म्हणून सरासरी काढली की नॉइज विरतो आणि वस्तू उठून दिसते. हा फायदा फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढतो: १०० फ्रेमनी दहापट. दुप्पट सुधारणा हवी तर चौपट वेळ द्यावा लागतो. त्यामुळेच एकेका फोटोमागे अनेक रात्री जातात.

याशिवाय झाकण लावून 'डार्क' फ्रेम घेतात, त्यातून सेन्सरचे स्वतःचे दोष कळतात. आणि एकसारख्या उजेडासमोर 'फ्लॅट' फ्रेम घेतात, त्यातून धूळ आणि कडांचा काळोख कळतो. मूळ फोटोतून हे दोष गणिताने काढले जातात.

गैरसमज ५: रंग संगणकात भरलेले असतात.

वस्तुस्थिती: तेजोमेघातला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश खरोखरच देतो आणि दोनदा आयनीभूत झालेला ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरचा निळसर हिरवा. साध्या रंगीत कॅमेऱ्याने घेतलेल्या फोटोत ते रंग आकाशातूनच आलेले असतात. उलट नेहमीच्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढचा फिल्टर हायड्रोजनचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, म्हणून हौशी लोक तो काढून घेतात.

रंग बदललेला असतो तो 'हबल पॅलेट'मध्ये. त्यात गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा प्रकाश वेगवेगळ्या फिल्टरमधून टिपून त्यांना अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा रंग देतात. गरुड तेजोमेघातल्या धूलिस्तंभांचा हबलने १९९५ मध्ये घेतलेला प्रसिद्ध फोटो असाच आहे. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही मुळात लालच; रंग बदलल्याशिवाय कोणता वायू कुठे आहे ते कळणार नाही. तिथला हिरवा रंग डोळ्यासाठी खरा नाही, पण तिथे हायड्रोजन आहे ही माहिती खरी आहे.

गैरसमज ६: शहरात राहणाऱ्याने या नादी लागू नये; किंवा लागायचे तर एक फिल्टर पुरतो.

वस्तुस्थिती: दोन्ही अर्धवट. अरुंद पट्ट्याचे फिल्टर हायड्रोजन किंवा ऑक्सिजनचाच प्रकाश आत घेतात, त्यामुळे स्वयंप्रकाशी तेजोमेघ मुंबई-पुण्यातूनही, चांदण्या रात्रीसुद्धा टिपता येतात. दीर्घिकांचा प्रकाश मात्र कोट्यवधी ताऱ्यांचा, सगळ्या तरंगलांबींत पसरलेला असतो. रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीचाही तसाच. दोघांना वेगळे करणारा फिल्टर नाही. दीर्घिकांसाठी काळोखच गाठावा लागतो. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. पावसाळ्याचे चार महिने मात्र कुठेही जा, ढगच.

गैरसमज ७: संस्करण केलेल्या फोटोंना शास्त्रीय किंमत नसते.

वस्तुस्थिती: जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतल्या जे मॅकनील यांना तीन इंची दुर्बिणीने घेतलेल्या फोटोत मृगातल्या एम ७८ जवळ आधी नोंद नसलेला तेजोमेघ सापडला; आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. देवयानीचे तर असंख्य फोटो निघाले होते. तरीही २०२२ मध्ये मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या हौशी चमूला तिच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची सुमारे दीड अंश लांबीची कमान दिसली. त्या फोटोसाठी एकूण शंभराहून अधिक तासांचे एक्स्पोजर झाले होते. ती कमान संस्करणातून आलेला भास नाही, याची खात्री वेगळ्या दुर्बिणी आणि वेगळे कॅमेरे वापरून करण्यात आली.

संस्करणाची कसोटी हीच आहे. अंधुक भाग उजळवणे म्हणजे नोंदलेला प्रकाशच दिसेल असा करणे. नसलेले तंतू रंगवणे ही लबाडी, आणि दुसऱ्याच्या फोटोत ते तंतू न आल्यावर ती उघडी पडते. म्हणूनच जाणकार छायाचित्रकार फोटोखाली एकूण एक्स्पोजर, फिल्टर, उपकरणे आणि ठिकाण लिहितात. फोटो खरा की खोटा हे ठरवायचे असेल, तर रंगांआधी त्या दोन ओळी वाचाव्यात; त्या नसतील तर विचाराव्यात.