मिरी, गोळी आणि जंतूचा पंप

भडगावहून बोलतोय.

मागच्या महिन्यात केळीच्या बागेत पायाला विळा लागला. जखम चिघळली, डॉक्टरांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पू थांबला, तशी आजी म्हणाली, "आते मिरीना काढा ले, गोयी अर्धीच ले." मी हसलो. मग वाचायला बसलो आणि कळलं, आजीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही!

बघा, विहिरीचं काम चालू असताना पाणी भरलं की आपण मोटर लावून ते बाहेर फेकतो ना? स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जखमेत पू करणारा जंतूही तेच करतो. त्याच्या आवरणात नॉर-ए नावाचा पंप असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन आत शिरलं की पंप ते बाहेर फेकतो. 2006 मध्ये जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवलं, की मिरीतलं पायपरिन सोबत असेल तर कमी औषधही या जंतूवर चालतं. पायपरिन त्या पंपालाच अडवतं.

दारुहळदीच्या जातीतल्या काही झाडांकडे तर दोन्ही असतं: जंतू मारणारं बर्बेरिन आणि पंप अडवणारं दुसरं द्रव्य.

मग अर्धी गोळी चालेल? नाही! प्रयोगशाळेत शुद्ध, मोजलेलं पायपरिन होतं. ते पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे काढ्यात किती उतरलं कोण सांगणार? अर्ध्या डोसात कमकुवत जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. शिवाय पायपरिन आपल्या शरीरातही ढवळाढवळ करतं. फिट्सवरच्या फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढू शकतं.

हीच जोडी नीट मोजून बांधली की काय होतं, ते टीबीच्या रिसोरिन गोळीत दिसतं. जम्मूची तीच संस्था आणि कॅडिला फार्मास्युटिकल्स यांनी ती बनवली. 10 मिलिग्रॅम पायपरिनमुळे औषध रक्तात जास्त पोचतं, म्हणून रिफाम्पिसिन 450 ऐवजी 200 मिलिग्रॅम पुरतं. पण हे माणसांवर तपासून ठरलं, चुलीवर नाही.

मी पाचही दिवस पूर्ण गोळ्या घेतल्या. आजीला म्हटलं, "मिरी रश्श्यात टाक." पाकिटावर लाल रेघ असलेली गोळी डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्यायची. आणि घरी काढा चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

तुमच्या घरी काय चालतं? व्हॉईस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!