संगणक पेटीतील पंखा

संगणक पेटीतील पंखा हा पेटीतील तापलेली हवा बाहेर टाकण्यासाठी किंवा बाहेरची हवा आत घेण्यासाठी बसवलेला विद्युत पंखा होय. हे पंखे सहसा १२ व्होल्टवर चालतात. १२० व १४० मिलिमीटर हे आकार विशेष प्रचलित आहेत. पंखा हवा थंड करीत नाही, केवळ उष्णता वाहून नेतो. त्यामुळे आतील भागांचे तापमान खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही.

जोडणी

पंखा मदरबोर्डवरील तीन किंवा चार पिनांच्या कनेक्टरला जोडतात. पहिली पिन ग्राउंडची, दुसरी १२ व्होल्ट पुरवठ्याची आणि तिसरी वेग कळवणारी असते. चौथी वेगनियंत्रणाचा संकेत नेते. अशा कनेक्टरची क्षमता बहुधा १ अँपिअर असते. एकाच ठिकाणी अनेक पंखे जोडल्यास त्यांच्या प्रवाहांची बेरीज या मर्यादेत ठेवावी लागते. वीजपुरवठा संचाच्या मोलेक्स कनेक्टरवरून १२ व्होल्ट थेट मिळालेला पंखा सतत पूर्ण वेगाने फिरतो.

वेगनियंत्रण

तीन पिनांच्या पंख्याचा वेग विद्युतदाब कमी-अधिक करून बदलतात. दाब फार उतरल्यास पंखा थांबतो. चार पिनांच्या पंख्यास १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या पिनेवरील सुमारे २५ किलोहर्ट्झच्या स्पंदांची रुंदी वेग ठरवते. या पद्धतीस पीडब्ल्यूएम म्हणतात. तीन पिनांचा पंखा या पद्धतीवर ठेवल्यास तो पूर्ण वेगाने फिरतो. त्यासाठी बायोसमध्ये 'डीसी' पर्याय निवडतात. तापमानानुसार वेग किती असावा हेही तेथेच ठरवता येते.

हवामान व धूळ

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या गोंदिया जिल्ह्यात उन्हाळ्यात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा वेळी ४० अंशांना पूर्ण वेग ठरवून दिलेला पंखा दुपारभर आवाज करीत राहतो, तरी आतील भाग त्याखाली उतरत नाहीत. त्यामुळे पूर्ण वेगाची मर्यादा ऋतुमानानुसार वर घ्यावी लागते.

हा जिल्हा भातगिरण्यांसाठी ओळखला जातो. गिरण्यांच्या परिसरात तूस व कोंड्याची धूळ जाळीत अडकून हवेचा मार्ग कोंडते. तिसरी पिन केवळ फेऱ्यांची गती सांगते, हवेचा प्रवाह नव्हे. म्हणून जाळी तुंबली तरी पडद्यावरील आकडा ठीकच दिसतो. वेग तोच असताना तापमान वाढत गेल्यास प्रथम जाळी तपासावी लागते. संगणक बंद करून, पाती हाताने धरूनच हवेच्या झोताने धूळ काढतात. अन्यथा पाती अतिवेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते.