भांड्यावर नाव टाकणाऱ्या हाताला ‘छटा’ कशी जमेल? हाताच्या कोरीव कामातली खरी मेख समजून घ्या

परभणी : लग्नसराईत भांड्याच्या दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “नाव टाकून देता ना?” घागर असो की परात, आहेर मामाचा की आत्याचा, ते त्यावर कोरलेलं पाहिजेच. पूर्वी हे काम छिन्नी-हातोडीनं टकटक करत व्हायचं. आता विजेवरची मशीन दोन मिनिटांत उरकते आणि लेझर तर फोटोसुद्धा उतरवतं. मग हाताने कोरणाऱ्यानं करायचं काय? नुसत्या अक्षरावर आता भागणार नाही. पानाफुलाला, मोराला, देवाच्या चेहऱ्याला गोलाई देता आली, म्हणजेच छटा जमली, तरच त्या हाताला वेगळा भाव मिळू शकतो.

धातूवर रंग नसतो, मग गडद-फिकट दिसतं कसं? खिशातली शंभराची नोट काढा आणि गांधीजींचा चेहरा भिंगातून बघा. सगळा खेळ बारीक रेघा आणि ठिपक्यांचा आहे. नाशिकच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात. शंभर आणि त्यावरच्या नोटांवरचा हा चेहरा कोरलेल्या साच्यावरूनच उठतो, म्हणून बोटाला किंचित खरबरीत लागतो.

हाताच्या कामातही हेच. रेघा जवळजवळ आल्या की भाग गडद, लांब गेल्या की फिकट. रेघ खोल गेली की रुंदही होते, कारण कलमाचं टोक इंग्रजी ‘व्ही’सारखं असतं. म्हणून कसबी माणूस एकाच रेघेत छटा आणतो: सुरुवात खोल, मग हात हलका करत करत रेघ हवेत विरून जाते. पाकळीच्या देठाकडं अंधार, टोकाकडं उजेड. आणखी गडद हवं तर पहिल्या रेघांवर तिरप्या रेघा. गालासारख्या मऊ जागेला मात्र रेघा नकोत, ठिपके बरे. रेघा वळवायच्या त्याही वस्तूच्या गोलाईप्रमाणे. घागर सरळ रेघांनी भरली तर ती पाटीसारखी सपाटच दिसणार, कितीही घासा.

नवशिका चुकतो तो जोर लावण्यात. कलम ढकलायचं तळहातानं, आणि वळण आलं की कलम नाही, वस्तू फिरवायची. त्यासाठी खाली वाळू भरलेली चामड्याची उशी ठेवतात. दुसरा हात कलमाच्या पुढे कधीच नको. टोक घसरलं तर थेट बोटात जातं. डोळ्याला चष्मा पाहिजे, कारण तुटलेलं टोक उडतं. धार बघायची साधी खूण आहे: टोक नखावर हलकं टेकवा. घसरलं तर परत दगडावर घ्या. बोथट कलमानं छटा येत नाही, नुसते ओरखडे येतात.

शिकायला स्टील घेऊ नका. ते चिवट, टोक मोडतं आणि माणूस कंटाळतो. मोडीतलं पितळी ताट किंवा तांब्याचा पत्रा घ्या. कोरून झाल्यावर काजळी चोळून वरून पुसली की चुका आपोआप दिसतात.

हे कसब आपल्यापासून लांब नाही. परभणीहून गंगाखेड, परळी, उदगीर करत जाणारी रेल्वे बिदरला पोहोचते, तिथलं बिदरी काम जगभर ओळखलं जातं. जस्तात थोडं तांबं मिसळून वस्तू ओततात, मोरचुदाच्या पाण्यानं ती तात्पुरती काळी करतात म्हणजे कोरलेली रेघ उठून दिसते. मग त्या खाचांत चांदी ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर घातलेल्या गरम पाण्यात वस्तू बुडवली की धातू काळा पडतो, चांदी तशीच चमकते. तिथं गडद-फिकटाचं काम दोन धातू करतात, आपल्या पितळी ताटावर ते एकट्या रेघेला करावं लागतं. कलम धरायची सवय मात्र दोन्हीकडं लागते.

सुरुवात मोरापासून करू नका. आधी सुपारीएवढ्या दहा चौकटी आखा. पहिली जवळजवळ कोरी, शेवटची काळी, मधल्या एकेक पायरी गडद. त्या सलग जमल्या की एक लिंबू कोरा. उजेड डावीकडून येतोय असं धरा आणि उजव्या कडेला रेघा दाट करा. लिंबू ताटातून उचलावंसं वाटलं की मग पाकळीला हात घाला.