होम प्लेटमागचा दिवस

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं ॲलनटाउन. इथला लीहाय व्हॅली आयर्नपिग्ज हा फिलाडेल्फिया फिलीज या बेसबॉल संघाचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मेजर लीगच्या एकच पायरी खाली. तिशी ओलांडलेला, गावोगावच्या संघांतून खेळून आलेला एखादा कॅचर, म्हणजे होम प्लेटमागे बसून पिचरने टाकलेला चेंडू झेलणारा, अशा संघात असतोच. त्याचा सामन्याचा दिवस साधारण असा जातो.

दुपारी १ : आधी फिजिओ. रोज शंभराहून जास्त चेंडू बसून झेलायचे, त्यामुळे गुडघे आणि कंबर सैल करून घ्यायची. डाव्या अंगठ्याला पट्टी.

दुपारी ३ : आजच्या पिचरबरोबर बैठक. समोरचा प्रत्येक बॅटर कुठल्या चेंडूवर फसतो, याची उजळणी. पिचर विशीतला, घाबरलेला. त्याला धीर देणं हेही कॅचरचंच काम.

दुपारी ४.३० : ब्लॉकिंगचा सराव, मग फलंदाजीचा.

संध्याकाळी ७ : सामना. पिचर १८.४४ मीटरवर. कुठला चेंडू टाकायचा, ते पिचकॉम या यंत्राचं बटण दाबून पिचरला सांगायचं. बोटांच्या खुणांचे दिवस सरले. ताशी १५० किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो.

रात्री ८.३० : तिसऱ्या बेसवर धावक. पिचरचा स्लायडर, म्हणजे वळणारा चेंडू, मातीत आपटतो. क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखं झेलायला जायचं नाही. दोन्ही गुडघे खाली, मिट (हातमोजा) पायांच्या मधे, हनुवटी छातीला, खांदे पुढे. चेंडू छातीवर आदळून पुढ्यातच पडतो. धावक जागचा हलत नाही. धावफलकावर याची नोंद नाही, पण पिचरला आता तोच चेंडू पुन्हा टाकायची हिंमत येते.

रात्री १० : बर्फाचा शेक. उद्याच्या पिचरचे व्हिडिओ.

रात्री ११.३० : घरी. फिलाडेल्फिया इथून शंभरेक किलोमीटर. तिथे फिलीजच्या संघात कुणी जखमी झालं, तर बोलावणं येतं. २०२३मध्ये ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार ३५,८०० डॉलर होता, मेजर लीगचा ७,२०,०००.

एरिक क्रॅट्झ हा असाच एक कॅचर आयर्नपिग्जकडून खेळला. २००२च्या ड्राफ्टमध्ये एकोणतिसाव्या फेरीत निवड, मेजर लीगचा पहिला सामना २०१०मध्ये, तिशीत. २०१८मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मिलवॉकीच्या संघासाठी तो प्लेऑफमध्ये कॅचर होता. पिचरला सावरून घेणारा माणूस प्रत्येक संघाला लागतो, आणि ती समज वर्षानुवर्षं प्लेटमागे बसूनच येते. म्हणून अशा फिरस्त्या कॅचरांची कारकीर्द मला अपुरी वाटत नाही; खेळ त्यांच्याच भरवशावर उभा आहे.