केस गळतात, दोष बोअरला

पुण्याच्या वेशीवरच्या, टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत एक निदान सर्रास ऐकू येतं: ‘इथल्या पाण्याने केस गेले.’ नोकरीसाठी नव्याने आलेली मुलं तर हे शपथेवर सांगतात. भूगर्भातलं पाणी बरेचदा जड असतं हे खरं. मुरताना ते खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. पण हे क्षार बसतात केसाच्या बाहेर दिसणाऱ्या, निर्जीव भागावर. केस उगवतो त्वचेखालच्या मुळातून, आणि त्या मुळाचं पोषण रक्तातून होतं, बादलीतून नाही.

मग केस गळतात कशाने? मोठा ताप, बाळंतपण, एकदम तोडलेलं जेवण, मनावरचा ताण यांचा परिणाम साधारण दोन-तीन महिन्यांनी दिसतो. गाव सुटतं, मेसचं जेवण आणि जागरणं सुरू होतात. केस गळू लागेपर्यंत खरं कारण विसरलेलं असतं आणि नळ तेवढा समोर दिसतो. रोज 50 ते 100 केस गळणं तर स्वाभाविकच आहे.

म्हणजे जड पाणी अगदी निर्दोष का? तसंही नाही. केस राठ होतात, गुंततात, चमक जाते. रंगवलेल्या किंवा ब्लीच केलेल्या केसांत कॅल्शियम जास्त शिरतं, म्हणून तक्रारीही तिथेच जास्त. केस कमकुवत होतात का, यावर मात्र संशोधक एकमताचे नाहीत. कोइंबतूरमधल्या 2013 च्या अभ्यासात केसांच्या ताकदीत लक्षणीय फरक आढळला नाही. पाकिस्तानात 70 पुरुषांच्या केसांवर झालेल्या 2018 च्या अभ्यासात आढळला. केस तुटणं मानता येईल, टक्कल नाही.

उपायांबाबत तर घोटाळा अधिक. टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, विरघळलेले क्षार बसत नाहीत. उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेली कठीणता जाते (गीझरमधला पांढरा थर तोच), सल्फेट आणि क्लोराइडची राहते. शॉवरला लावायचे बहुतेक फिल्टर क्लोरीन आणि गाळ अडवतात. कॅल्शियमला ते सहसा रोखत नाहीत. टीडीएस मीटरही इथे फसवतो. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, त्यामुळे पाणी मऊ होऊनही आकडा जवळपास तोच राहतो. आणि पाणी वाचवण्याच्या नादात आरओचं टाकाऊ पाणी डोक्यावर घेऊ नका: मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात.

अंगाचा साबण केसांना लावणं आधी थांबवा. साबण आणि कॅल्शियम मिळून जो चिकट साका होतो, तोच केसांवर बसतो. शांपूचा असा साका होत नाही. शिकेकाई-रिठ्याचाही नाही, कारण त्यातलं सॅपोनिन म्हणजे साबण नव्हे. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा क्षार काढणारा, ईडीटीए असलेला शांपू वापरा, त्यानंतर कंडिशनर लावा आणि शेवटचे दोन तांबे आरओच्या गाळलेल्या किंवा पावसाच्या पाण्याचे घ्या. लिंबू किंवा व्हिनेगर वापरायचंच तर मगभर पाण्यात चमचाभर पुरे. लिंबाचा निव्वळ रस टाळूला झोंबतो.

सॉफ्टनरवर हजारो रुपये घालण्याआधी गळलेला केस उजेडात धरून पाहा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो तुटलेला नाही, मुळातून सुटलेला आहे. असे केस मुठीने येऊ लागले तर प्लंबरला नव्हे, त्वचारोगतज्ज्ञाला गाठा. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉईड तपासायची गरज आहे का, ते विचारा.